कप विसळताना म्हणायची सतरा नावं

शनिवारी दहा ते बारा तालीम, बारा ते सव्वाबारा कॉफी, आणि त्यानंतर कप. गायनमंडळातली माझी खरी जागा या तिसऱ्या भागात होती. तेवीस कप, तेवीस बश्या, साखरेचं एक भांडं, दुधाचे दोन लहान चंबू. तांते विसळायच्या, मी पुसायचे. अकरा वर्षं हे असंच चाललं.

तांते म्हणजे डच भाषेत मावशी, आत्या, काकू, सगळं एकच. टिलबर्ग या डच शहरातल्या आमच्या वस्तीच्या मंडळाच्या त्या प्रमुख होत्या. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले आमचे निवृत्त पोस्टमनसुद्धा त्यांना तांतेच म्हणत. त्यांचा जन्म सुरिनामचा, म्हणजे समुद्रापलीकडच्या जुन्या डच वसाहतीतला. विशीत इथे आल्या आणि चाळीस वर्षं एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करून निवृत्त झाल्या. गाणं त्या कुठे शिकल्या नव्हत्या. पण त्यांनी ओळ टाकली की हॉलमधल्या खुर्च्याही सरळ बसल्यासारख्या वाटायच्या.

मी सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आले, पहिली दोन वर्षं घरात काढली, मग डच शिकून एका गोदामात मालाच्या ट्रकचं वेळापत्रक लावायला लागले. अजून तेच करते. कुठली गाडी किती वाजता कुठल्या दाराला लागेल ते मी झोपेतही सांगेन. सूर कुठे लागेल ते सांगता येत नाही. मंडळात गेले ती गाण्यासाठी नव्हेच. डच शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, लोकांत मिसळा, तोंड उघडा. तोंड उघडायची हमी असलेली जागा म्हणून मी गायनमंडळ निवडलं.

पहिल्या शनिवारी तांतेंनी विचारलं, "वरचा आवाज की खालचा?"

"माहीत नाही."

"मग काय येतं तुला?"

"याद्या करता येतात."

सगळे हसले. तांते हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीतल्या कपाटाकडे बोट केलं. त्यात कित्येक वर्षांचे गाण्यांचे कागद कोंबलेले होते. दार उघडलं की दोनचार खाली पडायचे. "मग कर," त्या म्हणाल्या.

तीन शनिवारांत मी ते कपाट लावलं. गाण्यांना क्रमांक दिले, प्रत्येकाला एकेक फाइल केली, हजेरीचा तक्ता केला, कॉफीच्या पाळ्या लावल्या आणि बिस्किटं माणशी दोन असा नियम भिंतीवर चिकटवला. तो पोस्टमनसाहेबांना अजिबात आवडला नाही. तांते म्हणाल्या, "पोरी, तू स्वर्गाच्या दारातसुद्धा लोकांना रांगेचे नंबर वाटशील."

"तिथे गर्दी असेल तर वाटेन की," मी म्हणाले. तेव्हापासून आमचं जमलं.

आम्ही गायचो ती मुख्यतः अमेरिकेतल्या गुलामांची भक्तिगीतं, ज्यांना स्पिरिच्युअल्स म्हणतात ती. नदी, पलीकडचा काठ, घरी जाणं, ओझं खाली ठेवणं. शब्द इतके साधे की माझ्या पहिल्या वर्षाच्या भाषेलाही झेपत. आमचे डच सभासद ती फार नेटकी गायचे, आणि तांते मध्येच हात वर करून थांबवायच्या. "इस्त्री केलेलं गाताय. मला इस्त्री ओळखू येते, चाळीस वर्षं केली आहे. ही माणसं पहाटेपासून वाकलेली आहेत. यात कुणीतरी दमलेलं ऐकू आलं पाहिजे."

एकदा नव्याने आलेल्या एका बाईंनी विचारलं की इतक्या हालात त्यांना गाणं सुचायचं तरी कसं. प्रश्न भाबडा होता, पण मनातून आलेला होता. तांतेंनी चष्मा काढला.

"गायले म्हणजे खूश होते, असं मालकांनाही वाटायचं," त्या म्हणाल्या. "गप्प माणसांची त्यांना भीती वाटायची. रांगेतली माणसं गाताहेत म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्यांचं गणित. म्हणून गाऊ द्यायचे. आणि गाण्याला ताल असतो, तालावर कुदळी एकदम पडतात. एकट्याची कुदळ मागे पडली की पाठीवर चाबूक यायचा. तेव्हा जो दमलाय त्याला बाकीच्यांनी तालात ओढून न्यायचं. काही लोक सांगतात, गाण्यातून पळायच्या वाटांचे निरोप जायचे. गेले असतील. मला तेवढं ठाऊक नाही. मला एवढं ठाऊक आहे की वाचायला शिकू दिलेलं नव्हतं, जवळ काही ठेवू दिलेलं नव्हतं. पोर विकलं तर पोरही ठेवता येत नव्हतं. जे तोंडात मावेल तेच आपलं."

मग त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाल्या, "क्रमांक चौदा." फाइली उघडल्याचा आवाज झाला.

एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, ही त्या गाण्यांची रीत. मला ती पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. सांगलीला आमच्या कॉलनीत आईचं भजनी मंडळ होतं. मंगळवारी दुपारी तीन ते पाच, एकेका घरी आळीपाळीने. आई ओळ घ्यायची, बाकीच्या बायका झील धरायच्या. पेटी वाजवणाऱ्या काकूंचा भाता एका बाजूने फाटलेला होता आणि त्या तो गुडघ्याने दाबून वाजवायच्या. पोहे, चहा, कुणाच्या सुनेला दिवस गेले त्याची चर्चा आणि पुन्हा भजन. मी शाळेतून यायचे ती थेट तिथेच, दप्तरासकट.

आईची भजनांची एक लांबट वही होती. अकराव्या वर्षी मी तिची अनुक्रमणिका केली. एकशे बारा भजनं, पहिल्या ओळीच्या अक्षरानुसार, पानांच्या क्रमांकासह. आई ती सगळ्यांना दाखवत सुटली. "माझ्या पोरीने केलंय, आता एका मिनिटात सापडतं." माझ्या आयुष्यातली ती पहिली यादी, आणि एवढं कौतुक पुढे कुठल्याच यादीचं झालं नाही.

आई गेल्यावर वहिनीने ती वही मला इकडे पाठवली. मी एका रविवारी टेबलावर ठेवून पहिल्यापासून म्हणायला घेतली. एकशे बारांपैकी एकतीस भजनांच्या चाली मला येत होत्या. उरलेल्या एक्याऐंशींचे शब्द समोर होते, अक्षर आईचं होतं, पान एका मिनिटात सापडत होतं, आणि म्हणता काही येत नव्हतं. पेटीवाल्या काकूही गेल्या होत्या. विचारायला कुणी नव्हतं. मी वही परत कापडात गुंडाळली.

आता कपांकडे येते.

सगळे गेले की तांते हॉलमागच्या छोट्या स्वयंपाकघरात गरम पाण्याचा नळ सोडायच्या आणि एक गाणं सुरू करायच्या. मंडळाच्या यादीत ते नव्हतं. भाषा सुरिनामची, मला एक अक्षर कळत नसे. चाल अगदी छोटी, चार पावलांची. त्यात एक शब्द यायचा, मग लांब हुंकार, मग पुन्हा तीच चाल आणि दुसरा शब्द. साधारण एका कपाला एक फेरा. मी पुसता पुसता हुंकार द्यायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. मंगळवारची सवय.

पहिलं वर्षभर मी ते नुसतं भांडी घासतानाचं गाणं समजत होते. मग एकदा पोस्टमनसाहेब दार ढकलून आत आले. "तांते, बिस्किटं उरली असतील तर..."

तांते थांबल्या. हात पुसले, डबा काढला, त्यांना दोन बिस्किटं दिली. त्यांनी माझ्याकडे बघत तिसरं घेतलं. ते गेल्यावर तांतेंनी पुन्हा हात पाण्यात घातला आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं.

"अर्धं झालं होतं ना," मी म्हणाले. "तिथूनच का नाही घेतलं?"

"अर्ध्यात सोडून कुणाला पुढे जायचं?" एवढंच म्हणून त्या गाऊ लागल्या.

तेव्हा मला वाटलं की हे शब्द म्हणजे माणसं आहेत. विचारलं नाही. मी मला येतं तेच केलं. पुढचे तीनचार शनिवार लक्ष देऊन ऐकलं आणि घरी सायकल लावल्या लावल्या वहीत उतरवून काढलं. उच्चार देवनागरीत फार सोयीने बसत होते. मग स्वच्छ प्रत केली, क्रमांक घातले. एक नाव सहाव्या आणि नवव्या जागी असं दोनदा येत होतं. ऐकताना माझी चूक झाली असणार असं ठरवून मी नववं काढून टाकलं. सोळा नावं. पुढच्या शनिवारी कप पुसताना नुसता हुंकार न देता मी तांतेंच्या बरोबर नावं म्हणायला लागले. वही ओट्यावर, साखरेच्या भांड्याला टेकवून.

नवव्या जागी त्या एक नाव म्हणाल्या आणि मी दुसरं.

त्यांनी नळ बंद केला. "ते काय आहे?"

मी कौतुकाची वाट बघत वही पुढे केली. आईची पोरगी ना मी. "तुमचं गाणं लिहून ठेवलंय. माझ्या लिपीत. एक नाव दोनदा येत होतं, ते काढलं."

"काढलंस?"

"दोनदा होतं म्हणून."

"ती दोन माणसं आहेत," तांते म्हणाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि नेहमीच्याच आवाजात सांगू लागल्या. त्यांच्या पणजीची आजी सुरिनाममधल्या एका उसाच्या मळ्यावर साखरेच्या कढया घासायची. तिची पहिली मुलगी आठ वर्षांची असताना दुसऱ्या मळ्यावर विकली. पुढे दुसरी मुलगी झाली तेव्हा तिने तेच नाव ठेवलं. मधल्या दोन नावांतला एकजण जंगलात पळाला आणि परत आला नाही, दुसरा तापाने गेला. कढया घासताना ती या सगळ्यांची नावं घ्यायची. मालकाने ठेवलेली नव्हे, घरची. आपल्याकडे पाळण्यातलं नाव असतं तशी. तिची नावं तिच्या मुलीने घेतली, आणि आई गेल्यावर शेवटी आईचं नाव जोडलं. तसं होत होत सतरा झाली. सतरावं तांतेंच्या आईचं.

"सगळ्यांच्या घरी नसतं हे," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातलं आहे."

"मग लिहून ठेवायला हवं ना? हरवलं तर?" माझ्या डोळ्यांपुढे आईची वही होती.

"लिहिलेली यादी होतीच, पोरी. मालकाच्या वहीत. बैल किती, कढया किती, आणि त्याखाली आम्ही. म्हणून आम्ही आमची यादी वेगळी ठेवली." त्यांनी माझ्या वहीवर ओलं बोट टेकवलं. "तुझं मन चांगलं आहे. पण हे पान नको."

मी ते पान फाडलं आणि विसळायच्या पाण्यात टाकलं. निळी शाई थोडा वेळ फेसावर दिसली. खरं सांगायचं तर मनातून मी रागावले होते. स्वच्छ प्रत होती ती. पण सायकलवरून घरी जाताना आठवलं की माझ्याकडेही एक्याऐंशी भजनं लिहिलेली आहेत, अनुक्रमणिकेसह.

पुढच्या शनिवारी तांते म्हणाल्या, "ये, नीट शिक." सतरा नावं पाठ करायला मला वर्ष लागलं. ट्रकचे क्रमांक एकदा बघून लक्षात राहणारी मी, पण वहीशिवाय माझं डोकं चालेना. मग हळूहळू नावं हाताला चिकटली. सहावं म्हणताना साधारण कान तुटलेला पिवळा कप हातात येई. तांते त्या माणसांच्या गोष्टी तुकड्यातुकड्याने सांगायच्या. हा फार घोरायचा. हिला पोहता यायचं आणि ती ते लपवायची. एकदा मी विचारलं, "तुमच्या लेकीला येतात का ही?"

त्यांनी बशी दोनदा विसळली. "नाही."

त्यांची लेक माझ्याच वयाची, दाताच्या दवाखान्यात काम करायची, टापटिपीची आणि कमी बोलणारी. वर्षातून एकदा आमच्या कार्यक्रमाला येऊन मागच्या रांगेत बसायची. तांते सांगायला लागल्या. तरुणपणी इथे आल्यावर शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं, घरात ती भाषा बोलाल तर मुलीचं डच बिघडेल. नवऱ्याचंही तेच मत. मग जेवणाच्या टेबलावर लेकीच्या तोंडून चुकून आपला शब्द आला की तांते तिला ओठांवर बोट ठेवायला लावायच्या. "भांडी घासताना मी एकटी असायचे. तेवढं म्हणायचे. दार ओढून."

"मग आता शिकवा."

"आता ती काय म्हणते माहीत आहे? म्हणते, आधी बोट ठेवायला लावलंस, आता उचलायला सांगतेस." त्या हसल्या, पण हसू लगेच विरलं. "तिचं चुकलं नाही."

माझी मुलगी त्या दिवसांत मराठीत विचारलेल्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर द्यायची. 

तांतेंचं विसरणं मला आधी कळलं, कारण हातात यादी असायची. एका तालमीत त्यांनी क्रमांक नऊ घेतला, तो संपल्यावर पाणी प्यायल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "क्रमांक नऊ." लोकांना वाटलं, नीट झालं नाही म्हणून परत. मला ठाऊक होतं. त्यानंतर मी पहिल्या रांगेत बसायला लागले आणि पुढच्या गाण्याचा क्रमांक बोटांनी दाखवायला लागले. त्या बघायच्या आणि किंचित मान हलवायच्या. हा आमचा व्यवहार दीड वर्ष कुणाच्या लक्षात आला नाही. मग एक दिवस त्यांचा हॉलला यायचा रस्ता चुकला, हाउसआर्ट्सनी, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरांनी, तपासण्या सांगितल्या, आणि पुढच्या वसंतात त्या कालव्यापलीकडच्या वृद्धांच्या निवासात राहायला गेल्या. मंडळ एका संगीतशिक्षिकेने घेतलं. ती चांगली आहे. कप यंत्रात घालते.

मी दर रविवारी तीन वाजता निवासात जायला लागले. त्यांच्या खोलीला एक छोटा ओटा होता. आम्ही कॉफी प्यायचो आणि मग मी मुद्दाम कपाटातले सगळे सहा कप काढून ओट्यावर ठेवायचे. एकदा परिचारिका म्हणाली, "अहो, खाली मशीन आहे."

"माहीत आहे," मी म्हणाले. "आम्हाला वेळ लागतो तोच हवा आहे."

आधी बारावं नाव गळलं. मी हुंकार न देता थांबले, तांते अडखळल्या, मागे गेल्या आणि त्यांना ते सापडलं. काही आठवड्यांनी चौथं. मग एका रविवारी नववं, त्या धाकट्या बहिणीचं. तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली आणि तीनदा त्या आठव्याहून थेट दहाव्यावर गेल्या. शेवटी मी ते हळूच म्हणाले. आपल्याच घरातली वस्तू शेजारणीने तिच्या कपाटातून काढून दाखवल्यावर बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला येतात सगळी," त्या म्हणाल्या.

"येतात."

"तू पुसणारी आहेस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "विसळणारी माझी लेक पाहिजे. माझ्या तोंडातून. मी आहे तोवर."

मी त्यांच्या लेकीला फोन केला. मनात मुद्दे काढून ठेवले होते: तब्येत, वेळ कमी, नावं, रविवार. दुसऱ्या मुद्द्यावरच तिने अडवलं.

"तुम्ही फार करता तिच्यासाठी, मला माहीत आहे. पण ते गाणं तुम्हाला मिळालं. मला बोट मिळालं."

मी उरलेले मुद्दे सोडून दिले. मी म्हणाले, "गाऊ नका. नुसत्या या. कप मी पुसते, तुम्ही फडताळात लावा. माझा हात वरच्या खणाला पुरत नाही." हे खरं होतं. माझी उंची पाच फूट आहे.

ती आली. कोट न काढता उभी राहिली, हातात फोन. तांतेंनी तिला ओळखलं, गालाला हात लावला आणि ओट्याकडे वळल्या. पाणी सोडलं, गाणं सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. मी हुंकार देत पुसत होते, लेक कप वर लावत होती, मध्येच फोन बघत होती. सहावं झालं, मोठ्या मुलीचं. सातवं. आठवं. आणि मग काहीच नाही. नळ वाहत राहिला.

तांतेंनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा आठव्याला थांबल्या. ते नाव माझ्या ओठांशी आलं होतं आणि मी ते धरून ठेवलं. आयुष्यात मी इतकं अवघड काम दुसरं केलेलं नाही. तिसऱ्यांदा त्या पाचव्यालाच अडकल्या. ते कधी गळलं नव्हतं. त्यांचे खांदे उतरले. "गेले," त्या म्हणाल्या. "गेले ते."

तेव्हा माझ्या मागून लेकीने पाचवं नाव म्हटलं.

त्याच चालीत, त्याच लांबीचं. फोन ओट्यावर ठेवलेला होता. मग सहावं, सातवं, आठवं, आणि तिथून सरळ दहावं.

तांते तिच्याकडे बघत राहिल्या. "तुला कुणी शिकवलं?"

"तू," लेक म्हणाली. "दार ओढायचीस, पण ते लागायचं कुठे? मी जिन्यावर बसलेली असायचे. रोज. तुला वाटायचं मी अभ्यास करतेय."

"जिन्यावर?"

"तिसऱ्या पायरीवर. तिथून चांगलं ऐकू यायचं."

तांते हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना टेबलाची कड धरावी लागली. मी फडक्याने तोच कप पुसत राहिले. तो केव्हाच कोरडा झाला होता.

"पण एक राहिलं," तांते म्हणाल्या. डोळे एकदम स्वच्छ होते. "आठव्यानंतर. सहावं पुन्हा म्हण."

"ते तर झालं. मला वाटायचं, तू चुकून परत म्हणतेस."

तांतेंनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. फेसावरची ती निळी शाई दोघींना आठवली असावी.

"दोन मुली होत्या," तांते म्हणाल्या, आणि गोष्ट लेकीला सांगू लागल्या. मी कोट घालून बाहेर पडले. रविवार, चार वाजायला दहा. निघायची माझी वेळ पाचची होती.

त्यानंतर लेक रविवारी यायला लागली आणि मी महिन्यातून एकदा. तांते पुढचा हिवाळा संपता संपता गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना लेकीचंही नाव आठवत नव्हतं, पण हात कोमट पाण्यात दिले की हुंकार यायचा. नावं लेक म्हणायची.

अंत्यविधीनंतरची कॉफी आमच्याच हॉलमध्ये झाली. मंडळाने क्रमांक चौदा म्हटलं, इस्त्री न केलेलं. माणसं खूप होती, कप साठाच्या वर. नव्या शिक्षिकेने यंत्र उघडलं आणि तांतेंच्या लेकीने ते बंद केलं. काळ्या कपड्यांच्या बाह्या दुमडून ती तांतेंच्या जागी उभी राहिली. मी फडकं घेतलं आणि माझ्या जागी गेले.

पहिल्यापासून सुरू झालं. सहावं आलं, नवव्या जागी ते पुन्हा आलं, तिने माझ्याकडे बघितलंही नाही. चौदा, पंधरा, सोळा. सतरावं, तांतेंच्या आईचं. त्यापुढची जागा आजवर रिकामी होती. तिने श्वास घेतला.

दार उघडलं. पोस्टमनसाहेब. आता काठी टेकत चालतात, ऐकायला कमी येतं. "माफ करा हं," ते म्हणाले, "बिस्किटं उरली असतील तर..."

लेक थांबली. तिने हात पुसले. डबा कुठे आहे ते मी डोळ्यांनी दाखवलं. तिने त्यांना दोन दिली, मग माझ्याकडे बघून तिसरं दिलं. दार लागलं.

"आता?" तिने विचारलं. "अठरावं?"

मी नुसता पुसलेला कप परत पाण्यात ठेवला.

तिने त्या कपाकडे पाहिलं, नळ सोडला आणि पहिलं नाव घेतलं.